किती हात रिकामे

अक्कलकोट रोडवरच्या शिवशरणअण्णांच्या कारखान्यात शाळेचे गणवेश शिवले जात. तिथल्या इनचार्जची खुर्ची म्हणजे एक पाय आखूड असलेली प्लास्टिकची खुर्ची, खाली पुठ्ठ्याची घडी सारून सरळ केलेली. तिच्यावर आजवर एकही बाई बसली नव्हती आणि प्रियंकाला ती हवी होती. आजकालची नव्हे, नऊ वर्षांपासून हवी होती. चार नंबरच्या मशीनवर शर्टाच्या कॉलरी शिवता शिवता तिनं तीन इनचार्ज येताना आणि जाताना पाहिले होते. पहिला दिवसभर फोनवर बोलायचा, दुसरा दिवसभर ओरडायचा, तिसरा दोन्ही करायचा. ह्यांच्यापेक्षा मी बरं चालवीन, असं ती मनातल्या मनात म्हणायची. मे महिन्याच्या शेवटी तिसरा पुण्याला निघून गेला आणि अण्णांनी तिला केबिनमध्ये बोलावलं.

"शाळा उघडंपर्यंत तू बघ," अण्णा म्हणाले. "पंधरा दिवस. जमलं तर तुझं. न्हाय जमलं तर आमचा दिग्विजय बसंल. पुतण्या घरी मोकळाच हाय की."

घरी मोकळ्या बसलेल्या पुतण्याच्या नावानं तिच्या डोक्यात तिडीक गेली, पण ती "व्हय अण्णा" एवढंच म्हणाली आणि बाहेर आली.

पुढचे तीन दिवस तिनं जी धावपळ केली ती बघवत नव्हती. फोन वाजला की ती उचलणार. कुणाचा दोरा तुटला, ती पळणार. प्रेसवाल्यानं हाक मारली, ती तिकडं. शाळेच्या बाईंनी विचारलं की आमचा माल कुठवर आला, की ही हातातलं सोडून बंडलं मोजायला जाणार. आणि कॉलरींचा ढीग साचलेला दिसला, की सरळ जाऊन चार नंबरला बसणार. कारण तिच्यासारखी कॉलर त्या कारखान्यात कुणाला जमत नसे. दोन्ही टोकं अशी बरोबर यायची की पट्टी लावून बघावं. आणि खरं सांगायचं तर तिथं बसलं की तिला बरं वाटायचं. तिथं काय करायचं ते हातांना आपसूक ठाऊक होतं. खुर्चीवर बसून काय करायचं ते अजून ठाऊक नव्हतं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी अण्णांनी फळ्यावरचा आकडा वाचला. दिवसाचे शर्ट दोनशे चाळीस. त्या ओरडणाऱ्या इनचार्जच्या काळातसुद्धा साडेतीनशे निघत होते.

"लई पळतीस," अण्णा म्हणाले. "पण माल कुटं हाय?"

ती घरी गेली ती धड जेवली नाही. रडली मात्र नाही. चिडली. मी मरमर मरते आणि बाकीचे अंग चोरतात, अशी तिची पक्की खात्री झाली होती. उद्या एकेकाला धारेवर धरायचं असं ठरवूनच ती झोपली.

चौथ्या दिवशी अकराच्या सुमाराला ती चार नंबरवरून मान मोडत उठली, तर समोर चिमाबाई दिसल्या. चिमाबाई म्हणजे काज-बटणाच्या मशीनवरच्या मावशी. मंगळवेढ्याकडच्या, मेंढरं राखणाऱ्या घरातल्या. सोलापुरात येऊन वीस वर्षं झाली तरी बसल्या जागी हात रिकामे ठेवायची त्यांना सवय नव्हती. त्या आज मांडीत हात घेऊन बसल्या होत्या.

"मावशी, का बसलाय?" प्रियंकाच्या आवाजाला धार होती.

"मग काय करू बाई? बंडल आलं न्हाय."

"कधीपासून?"

"सकाळधरनं."

प्रियंका तरातरा शिलाईच्या रांगेकडं गेली. तिथल्या पाच बायका गप्पा मारत बसलेल्या. बाह्या शिवून संपल्या होत्या, नव्या कापून आल्या नव्हत्या. आता खरा चोर सापडला, म्हणून ती कटिंगच्या टेबलाकडं वळली. टेबलावर पांढऱ्या कापडाचे थर नीट अंथरून ठेवलेले. कटिंग मशीन शेजारी बंद. हाताखालचे दोघं भिंतीला टेकून मोबाइल बघत होते, आणि मडिवाळप्पा मास्तर टेबलाच्या कडेला पेपर वाचत बसले होते. शांतपणे, पान उलटून.

"मास्तर, कापायचं का थांबलंय?"

"खडू न्हाय," मास्तर म्हणाले.

हा खडूचा नियम अण्णांचा. बऱ्याच वर्षांपूर्वी विजारीच्या कापडाचे दोन गठ्ठे चुकून एकत्र अंथरले गेले. दोन्ही करडेच, पण एक जरा गडद. आख्ख्या शाळेची पोरं एक पाय गडद आणि एक पाय फिका घालून झेंडावंदनाला उभी राहिली आणि अण्णांना गावात तोंड दाखवायला जागा उरली नाही. तेव्हापासून इनचार्जनं थर तपासायचे, रंग बघायचा, कापडाची दिशा बघायची, मापं बघायची आणि वरच्या थरावर खडूनं फुली मारून सही करायची. त्याआधी कापडाला मशीन लावायचं नाही. मास्तरांनीसुद्धा नाही.

"कधीपासून अंथरून ठेवलंय?"

"सव्वानवापासनं."

"आणि मला सांगितलं न्हाय? मी तितंच तर बसले होते. तुमच्या डोळ्यांसमोर."

मास्तरांनी पेपराची घडी घातली. ते अक्कलकोटच्या पलीकडचे, घरी कन्नड बोलणारे. मराठी सावकाश, एकेक शब्द मोजून बोलत. "तू मशीनवर बसली होतीस. मशीनवरच्या बाईला उठवायचं काम माझं न्हाय. बावीस वर्षं झाली, खडूसाठी मी कुणाच्या मागं फिरलो न्हाय. इनचार्ज टेबलापाशी येतो."

आता यात मास्तरांची चूक होती की नाही? होती. आडमुठेपणा म्हणतात तो हाच. मुलगी वरच्या जागी आली म्हणून ते नाक वर करून बसले होते, हे भिंतीला टेकलेल्या त्या दोन पोरांनाही कळत होतं. प्रियंकाच्या जिभेवर दोन-चार चांगले सणसणीत शब्द आलेही. पण ते बाहेर पडायच्या आत तिची नजर परत फिरली. तिथून सगळा कारखाना दिसत होता. मास्तर आणि त्यांची दोन माणसं, तीन. बाह्यावाल्या पाच. चिमाबाई. पुढं प्रेसवरचे दोघं. अकरा माणसं. सगळी पीसवर, म्हणजे नगागणिक पैसे घेऊन, काम करणारी. बसली की त्यांचाही दिवस बुडाला. आणि ती कशामुळं बसली होती? दोन मिनिटांच्या एका फुलीमुळं. त्या दोन तासांत इनचार्जबाईंनी काय केलं होतं? बेचाळीस कॉलरी शिवल्या होत्या. सुंदर कॉलरी.

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं वाकून थर तपासले, खडू ओढला, सही केली. "चालू करा मास्तर," म्हणाली आणि जाऊन खुर्चीवर बसली. चार दिवसांत पहिल्यांदाच.

शर्टाच्या घडीत घालतात तसला एक पुठ्ठा तिनं समोर ओढला आणि डोक्यात गरगरणारी सगळी कामं त्याच्यावर उतरवून काढली. अकरा निघाली. मग त्यांच्याकडं बघत बसली. कोण किती मोठ्यानं ओरडतंय हे बघून काम उचललं की काय होतं ते चार दिवस पाहून झालं होतं. समोर दिसेल ते उचललं की काय होतं, तेही. मग तिनं प्रत्येक कामापुढं एकच प्रश्न विचारला: हे मी आत्ता केलं नाही म्हणून किती जणांचे हात रिकामे राहतील? आणि पुढं नुसता आकडा लिहिला.

पुढचे थर तपासायचे, अकरा. प्रेसची वायर जळते, दोन. कडा शिवायच्या ओव्हरलॉक मशीनची सुई, एक. अण्णांना नमुन्याचं कापड दाखवायचं, शून्य. शहरातल्या त्या मोठ्या शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंचा फोन, जो सकाळपासून चारदा येऊन गेला होता, शून्य. त्यांचा माल परवा जायचा होता आणि त्या फोनमुळं एकही माणूस बसलेलं नव्हतं.

मोठा आकडा आधी. शून्यवाली कामं चारनंतर, एकदम.

कॉलरींपुढं मात्र तिचा हात थांबला. कॉलरी नसल्या तर पुढचे तिघं बसतात, म्हणून तिनं तीन लिहिलं. मग वाटलं, पण ह्याला मीच कशाला पाहिजे? खडू दुसरा कुणी लावू शकत नाही. कॉलर शिवू शकतो. वाईट शिवेल, पण शिवेल. हे मान्य करणं तिला जड गेलं, कारण त्या कारखान्यात तिचं जे काही नाव होतं ते त्या कॉलरीचं होतं. तिनं ऋतुजाला हाक मारली. ऋतुजा वैरागकडून आलेली, सहा महिन्यांपासून नुसत्या सरळ शिवणीवर.

"आजपासनं चार नंबर तुझा."

"ताई, मला कॉलर येत न्हाय."

"येईल की. पहिल्या पन्नास उसवाव्या लागतील. मग येईल."

पहिल्या पन्नास नव्हे, साठ उसवाव्या लागल्या. एक टोक आभाळाकडं तर दुसरं जमिनीकडं. प्रियंका चार नंबरजवळून जाताना मुद्दाम दुसरीकडं बघायची. दोनदा तर तिनं ऋतुजाला उठवायला तोंड उघडलं आणि परत मिटलं. दाखवायची, समजवायची, पण खाली बसायची नाही. एकदा बसलं की उठवणार नाही आपल्याला कुणी, हे तिला चांगलं ठाऊक होतं.

पाचव्या दिवशी सकाळी नवाला ती टेबलापाशी उभी होती. मास्तर कापड अंथरत होते. त्यांनी आधी तिच्याकडं, मग घड्याळाकडं पाहिलं आणि शेवटचा थर सरळ केला. फुली पडली. मशीन सुरू झालं. दुपारी त्या मुख्याध्यापिकाबाईंनी पाचवा फोन सरळ अण्णांना केला आणि अण्णा तणतणत बाहेर आले.

"फोन का उचलत न्हाईस?"

"चार वाजता करते अण्णा. सगळ्यांना चारलाच करते. त्यांच्यामुळं आत्ता कुणी बसलेलं न्हाय."

अण्णांना हे उत्तर मुळीच आवडलं नाही. पण संध्याकाळी फळ्यावर तीनशे दहा लिहिलेलं होतं, त्यामुळं ते नुसतेच हुंकारले.

आता सगळं सुरळीत झालं म्हणावं, तर नवव्या दिवशी बटणं संपली. पांढरी, चार भोकांची, शर्टाला लागतात ती साधी बटणं. चिमाबाईंनी आदल्या दिवशी सकाळीच सांगितलं होतं, "बटणं आजच्यापुरतीच हायती गं." प्रियंकानं पुठ्ठ्यावर लिहिलंही होतं. पण त्या दिवशी बटणांवाचून कुणी बसलेलं नव्हतं, म्हणून पुढं शून्य पडलं, आणि चारनंतर फोनांच्या गडबडीत ते राहून गेलं. दुकानातून बटणं येईपर्यंत अर्धा दिवस काज-बटण, प्रेस, पॅकिंग सगळं ठप्प झालं. फळ्यावर एकशे सत्तर. तिनं स्वतःला मनसोक्त शिव्या घातल्या. मग जुना पुठ्ठा फाडला आणि नव्यावर दोन रकाने आखले: आज किती, उद्या किती. बटणांपुढं आज शून्य आणि उद्या सहा असं लिहिलं असतं, तर सकाळीच माणूस गेला असता. एवढं साधं होतं ते.

"दिग्विजयला परवा बोलावू का?" अण्णांनी त्या संध्याकाळी विचारलं. खरंच विचारत होते, टोमणा नव्हता.

"पंधरा दिवस म्हणाला होता तुमी," प्रियंका म्हणाली. "अजून सहा हायत."

ते सहा दिवस तिनं दात-ओठ खाऊन काढले. तीनशे चाळीस, तीनशे साठ, तीनशे सत्तर. ऋतुजाच्या कॉलरी आता अंगात घालण्यासारख्या झाल्या होत्या. मास्तर अजून तिच्याशी कामापुरतंच बोलत. पण थर अंथरून झाले की ते टेबलावर दोनदा थाप मारायचे आणि ती आवाज ऐकून यायची. मागं फिरणं नाही आणि हाक मारणंही नाही. तेवढ्यावर दोघांचं भागत होतं.

शाळा उघडायच्या आदल्या दिवशी मंगळवेढ्याकडच्या एका वसतिगृहाच्या शाळेचे शेवटचे शर्ट व्हायचे होते. टेम्पो सहाला निघायचा होता. त्या पोरांना दुसरे कपडे नव्हते, त्यामुळं सहा म्हणजे सहा. अडीच वाजता मास्तरांनी टेबलावर थाप मारली. प्रियंका आली, थर उलटून बघू लागली आणि मधेच थांबली. खालचे आठ थर वरच्यांपेक्षा किंचित फिके निळे होते. ट्यूबलाइटखाली कळतही नव्हतं. तिनं टोक धरून खिडकीपाशी नेलं.

मास्तरांनी डोळे बारीक करून पाहिलं. "गठ्ठा एकच होता," ते म्हणाले. आणि मग, सावकाश, "न्हाय. दोन होते."

"वेगळे करू या. आधी गडद कापा. फिक्याचे आठ थर शेवटी, त्याचे मोठ्या मापाचे शर्ट निघतील, एका वर्गाला एक रंग जाईल."

दोघं थर वेगळे करत होते, तेवढ्यात अण्णा आले. मागं ड्रायव्हर, त्याच्या काखेत लाल कापडाचा गठ्ठा.

"हे आधी घ्या," अण्णा म्हणाले. "व्याह्यांच्या शाळेचं. परवा तेंच्याकडं कार्यक्रम हाय, बँडच्या पोरांचे चाळीस शर्ट. आत्ता टेबलावर घेतो म्हणून शब्द दिलाय मी."

मशीनचा आवाज चालूच होता, पण माना वळल्या. व्याह्यांचं काम म्हणजे काय हे तिथं प्रत्येकाला कळत होतं. अण्णांची मुलगी त्या घरात दिलेली. इनचार्ज तर सोडाच, खुद्द अण्णासुद्धा त्या माणसाला नाही म्हणत नसत.

प्रियंकानं पुठ्ठा उचलला. "अण्णा, हे चौथं हाय."

"काय?"

"वसतिगृहाचं कापायचं थांबलं तर पॅकिंगचे तिघं धरून चौदा जण बसतात. मग बाह्यांचं बंडल, पाच. मग प्रेस, दोन. तुमचं परवा लागणार. साडेपाचला हे सगळं हातावेगळं होतंय, साडेपाचला कापायला घेते. उद्या दुपारपातूर चाळीसच्या चाळीस तयार."

"मी सांगतोय तरी?"

"व्हय."

अण्णांचं तोंड लाल झालं. त्यांनी ड्रायव्हरला खूण केली, त्यानं गठ्ठा टेबलावर, निळ्या कापडाच्या वरच ठेवला. "मास्तर, उलगडा ते."

मडिवाळप्पा मास्तर कटिंग मशीनवर हात ठेवून उभे होते. ते हलले नाहीत.

"अण्णा, उलगडतो की," ते म्हणाले. "पण खडू तिच्याकडं हाय."

अण्णा तिच्याकडं वळले. दिग्विजयचं नाव आता येणार, हे प्रियंकाला स्पष्ट दिसत होतं. नऊ वर्षं आणि पंधरा दिवस, सगळं त्या लाल गठ्ठ्याखाली जाणार होतं. तिला भीती वाटली. पण त्याहून जास्त राग आला, कारण आकडे तिच्या बाजूनं होते आणि ते तिनं मनानं लिहिले नव्हते. तिनं खिशातून खडू काढून अण्णांपुढं धरला.

"नियम तुमचा हाय. तुमी लावा फुली. मी अडवणार न्हाय. पण मग चौदा जण कुणामुळं बसले, ते मी हितं लिहिणार. आणि टेम्पो सहाला न्हाय गेला तर त्या शाळेला फोन तुमी करा."

अण्णांनी खडू घेतला. बोटांत फिरवला. कारखान्याकडं पाहिलं: चिमाबाईंच्या मशीनखालून शर्ट सरकत होते, ऋतुजा मान वर न करता कॉलर उलटवत होती, प्रेसची वाफ निघत होती. एकही हात मोकळा नव्हता. असं त्यांनी जूनच्या मध्यावर कितीतरी वर्षांत पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. नाव बघून त्यांनी घसा साफ केला.

"नमस्कार, नमस्कार व्याही. व्हय, कापड पोचलं. न्हाय, कापायला अजून घेतलं न्हाय." ते थांबले. पलीकडून बराच वेळ बोलणं चाललं. "तसं न्हाय हो. मी सांगितलं की. पण आमच्या इनचार्ज बाई साडेपाच म्हणतात. हितं तेंचं चालतंय. साडेपाच म्हणजे साडेपाच, माल उद्या दुपारी."

फोन खिशात टाकून त्यांनी खडू प्रियंकाच्या हातात परत दिला. मग ड्रायव्हरची वाट न बघता लाल गठ्ठा स्वतः उचलला आणि टेबलाच्या टोकाला, सगळ्या निळ्या कापडाच्या मागं नेऊन ठेवला.